तांड्याचे बैल आणि वसंतरावांचे चरित्र

दिवाळी आपल्याकडे वसुबारसेला सुरू होते. गाय-वासराच्या पायावर पाणी घातले की मग पणत्या, मग फराळ, आणि फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक. सणाचा आरंभच गोठ्यातून होतो, तेव्हा या अंकात गोठ्याच्या बाजूने मराठी चरित्रवाङ्मयाविषयी एक तक्रार मांडली तर ती अगदीच अवेळी ठरू नये. आपल्या चरित्रकारांच्या हाती शेतकऱ्याच्या घरचा कोणी मोठा पुरुष लागला, की ते पहिल्या प्रकरणात त्याला गुराढोरांत जन्माला घालतात आणि दुसऱ्या प्रकरणात घाईघाईने तिथून बाहेर काढतात. पुढे तीनशे पानांत शेपटी हलवणारे एक जनावर दिसेल तर शपथ! शिक्षण, वकिली, निवडणूक, मंत्रिपद, सत्कार. गोठा हा जणू निघून जाण्यासाठीच असतो, आणि जो जितका लवकर व जितका दूर निघून गेला तो तितका थोर, असा या लेखनाचा हिशेब असतो.

या हिशेबाने ज्यांचे सर्वांत अधिक नुकसान झाले असे मला वाटते, ते म्हणजे वसंतराव नाईक. १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यात त्यांचा जन्म झाला. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे आम्हा शिक्षकांना दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच काही दिवसांत त्यांच्यावर भाषण करावे लागते. तारखा सांगायच्या, खाती सांगायची, हरितक्रांती हा शब्द फळ्यावर लिहायचा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूला तांडे पुष्कळ आहेत, आणि तांड्यांवरची मुले वर्गात असतात. एका वर्षी त्यांच्यातल्या एकाने भाषण संपल्यावर विचारले, "सर, त्यांच्या घरी बैल किती होते?" वर्ग हसला. मला मात्र चरित्राविषयी इतका नेमका प्रश्न कोणा समीक्षकानेही विचारल्याचे आठवत नाही. माझ्या हाती आलेले गौरवलेख मी त्या दृष्टीने पुन्हा चाळले. पदव्यांची यादी सर्वत्र आहे. बैलांची कोठेही नाही.

गुरे पाळणाऱ्या घरातून राज्यकर्ता निघणे ही गोष्ट जगाला नवी नाही. इंग्रजी साम्राज्यात तर अशा चरित्रांची एक जातच आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन मॅकार्थरने १८०४ साली इंग्लंडच्या राजाच्या कळपातील मेरिनो मेंढ्या विकत घेऊन सिडनीकडे नेल्या, लोकरीवर गबर झाला आणि १८२५ साली न्यू साउथ वेल्सच्या कायदे कौन्सिलात जाऊन बसला. दक्षिण आफ्रिकेचा लुई बोथा हा गुरामेंढरांचा शेतकरी; बोअर युद्धात सेनापती झाला, आणि १९१० साली दक्षिण आफ्रिका संघाचा पहिला पंतप्रधान. या लोकांच्या चरित्रकारांना कळपाची लाज वाटत नाही, कारण तिथे साखळी स्वच्छ आहे. कळप वाढला म्हणून चराऊ जमीन हाती आली, जमीन आली म्हणून वजन आले, वजन आले म्हणून कौन्सिलात खुर्ची मिळाली. (जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न मात्र तिथले चरित्रकारही फार दिवस टाळत आले.) आपल्याकडे त्याच साम्राज्याने उलटा न्याय केला. इथे सर्वांत मोठे कळप ज्यांच्याकडे होते, त्यांचा धंदा बसला, चराईची जागा गेली, आणि वर चोर म्हणून नाव लागले. अशा घराण्यातून मुख्यमंत्री निघतो, तेव्हा त्याचे चरित्र मॅकार्थरच्या साच्यात बसत नाही, आणि 'गरिबीतून वर आलेला हुशार मुलगा' या आपल्या लाडक्या साच्यातही बसत नाही. ते वाचण्यासाठी बैलापासूनच आरंभ करावा लागतो.

तो आरंभ आमच्या वऱ्हाडात फार जुना आहे. शहाजहानचा वजीर असफखान १६३० च्या सुमारास दक्षिणेत उतरला, तेव्हा त्याच्या फौजेला धान्य पुरवण्यासाठी भंगी आणि जंगी हे दोन नाईक १,८०,००० लादणीचे बैल घेऊन आले आणि भगवानदास नावाचा तिसरा नाईक ५२,००० घेऊन आला, अशी बंजाऱ्यांची परंपरागत हकीकत आहे. वऱ्हाडातला पोलीस अधिकारी कंबरलेज याने १८८२ साली छापलेल्या टिपणात ती नोंदली. असफखानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, तहान लागेल तिथे पाणी आणि लागेल तेवढे छपराचे गवत घेण्याची मुभा दिली, असेही ती हकीकत सांगते. आकडे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावेत. पण पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत एकच तांडा भेटला, आणि त्यात चौदा हजार बैल होते, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. तो तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे.

सहा-सात मैल! वाचकाला हसू येईल. पण लदेणीचे, म्हणजे पाठीवर माल लादून नेण्याच्या त्या व्यापाराचे, सगळे मर्म या संथपणात होते. बैल चालता चालता चरत असे. वाटेत पडीक रान होते, गवत फुकट होते, म्हणून वाहतुकीचा खर्च जवळजवळ शून्य होता. मीठ, धान्य, कापूस असा जड आणि स्वस्त माल शेकडो मैल नेणे गाडीवानाला परवडत नसे, ते या संथ चालीला परवडे. 'लमाण' हे नावच लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे पुष्कळ जण मानतात. आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. १८०३ च्या लढाईत जनरल वेलस्लीने असई आणि अडगाव मारले हे आपण शाळेत शिकवतो. असई आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. पण त्याच्या पलटणीचे पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर चालले होते, हे आपण शिकवत नाही.

असा तांडा चालवणे हे काही गुराख्याचे काम नव्हते. पाणी कोठे आहे, कोणाच्या मुलखातून जायचे, जकात किती, वाटेत तंटा झाला तर काय, कोणा विधवेचे बैल मेले तर तिचा माल कोणी लादायचा, हे सारे नाईकाला ठरवावे लागे. त्याच्या हाताखाली कारभारी असे, हिशेबाला हासाबी असे, आणि भांडणे 'नसाब' नावाच्या पंचायतीत सर्वांसमोर मिटत. बालाजीच्या नावाने सोडलेला एक बैलही तांड्यात असे. त्याच्या पाठीवर कधी ओझे पडत नसे, त्याला लाल रेशमी झूल नि घुंगरे घालत. माणूस आजारी पडले की त्या बैलाच्या पायाशी डोके टेकत. कंबरलेजने हे थोड्या गमतीने लिहिले आहे. देऊळगावराजाच्या बालाजीच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या माणसाला त्यात गमतीचे काही वाटणार नाही.

मग आगगाडी आली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी आमच्या जिल्ह्याची उत्तर कड धरून ती १८६७ साली नागपूरला पोचली, आणि १८७० साली जलंबहून एक फाटा खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आला. इतिहासाच्या पुस्तकांत ही वर्षे प्रगतीची म्हणून येतात आणि एका अर्थाने ती तशी आहेतही. खामगावच्या गाठी मुंबईस जाऊ लागल्या. पण त्याच गाठींच्या खाली एक व्यापार चिरडला गेला. रुळांनी माल नेला, पडीक रानावर कापूस पेरला गेला, आणि जंगले राखीव झाली तेव्हा उरलेल्या चराईवर शुल्क लागले. फुकट गवत संपले तेव्हा संथ चालही संपली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे त्याच्या जाळ्यात ठिकठिकाणी बंजाऱ्यांनाही ओढण्यात आले. ज्याला कोठेच मुक्काम नाही तो संशयित, असा त्या कायद्याचा तर्क होता. तांडे डोंगराच्या कडेला, हलक्या जमिनीवर थांबले. कोणी गुरांची पैदास करून बाजारात खोंड विकू लागला, कोणी लाकूड वाहू लागला, कोणी ज्वारी पेरली.

गहुली हे असेच थांबलेले एक गाव. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी तो तांडा वसवला, वडील फुलसिंग तिथले नाईक होते. म्हणजे 'नाईक' हे आडनाव दिसत असले तरी मुळात ते पद आहे, आणि वसंतरावांच्या घरी ते पद चालत आलेले होते. चरित्रलेखक इथे 'अज्ञानाच्या अंधारातून' वगैरे लिहू लागतात तेव्हा मला त्यांचा राग येतो. ज्या घराने माणसे आणि जनावरे एका जागी वसवून दाखवली, त्या घरात राज्यकारभाराचे अज्ञान होते, असे म्हणायला धीर लागतो.

वसंतरावांच्या शिक्षणाची हकीकत मी लांबवत नाही, ती सर्वत्र सापडते. आसपासच्या गावांतल्या शाळा, मग अमरावती, मग नागपूरचे मॉरिस कॉलेज, मग कायद्याची पदवी. अमरावतीला काही काळ डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली करून १९४१ साली ते पुसदला आले. त्याच वर्षी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी विवाह केला. ब्राह्मण घरची मुलगी आणि तांड्याचा मुलगा, म्हणून दोन्ही बाजूंनी विरोध झाला. या विवाहावर गौरवलेखांत पाने भरून लिहिलेले असते, आणि ते बहुतेक सिनेमाच्या अंगाने. मला त्यात दिसते ते असे, की जातपंचायतीचा वचक ज्या घरात सर्वांत जास्त मानावा लागतो, त्या नाईकाच्याच मुलाने तो मोडला, आणि तरीही तांड्याने त्याला पुढारी म्हणून टाकले नाही. हे कसे घडले याचा शोध घेणारे लेखन व्हायला हवे होते. आपण 'धाडस' असा एक शब्द लिहून मोकळे झालो.

१९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून जाऊन महसूल खात्याचे उपमंत्री झाले. त्या १९५२ सालाकडे वाचकांनी थोडे थांबून पाहावे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशातून उठला आणि त्याखालील जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत. म्हणजे ज्या वर्षी सरकारने या माणसांवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला, त्याच वर्षी त्यांच्यातला एक माणूस सरकारात बसला होता, आणि तोही महसूल खात्यात, जिथे जमीन, चराई आणि गावाची हद्द यांचा कागद असतो. कादंबरीत असा योग मी जुळवला असता, तर संपादकांनी 'फार जुळवून आणलेले वाटते' म्हणून परत पाठवला असता.

पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार, मग कृषी, आणि महाराष्ट्र झाल्यावर महसूल अशी खाती त्यांच्याकडे आली. १९६० साली लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष वसंतराव होते. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीने जिल्ह्याला बळ दिले, आणि शाळा, दवाखाने, रस्ते, गुरांचे दवाखाने या गोष्टी निवडून आलेल्या माणसांच्या हाती दिल्या. आम्ही शिक्षक त्या जिल्हा परिषदेचे चाकर, त्यामुळे तिचे गुणदोष मला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक आहेत, ते असोत. तांड्याच्या नसाबीतून थेट जिल्हा परिषद निघाली असे म्हणणारा मी नाही. असे दुवे जोडणे सोपे असते आणि बहुधा खोटे असते. वसंतराव वकील होते, काँग्रेसचे होते, समितीत इतरही शहाणी माणसे होती. पण दूरच्या राजधानीतून हुकूम येईपर्यंत तांडा विहिरीशी थांबून राहू शकत नाही, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्या घरच्या माणसाला जिल्ह्याच्या हाती कारभार देण्याची भीती कमी वाटली असेल, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नोव्हेंबर १९६३ मध्ये कन्नमवारांचे निधन झाले आणि वसंतराव मुख्यमंत्री झाले. १९६५ साली पाऊस फसला. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. त्या वर्षी पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत त्यांनी सांगितले, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. ही घोषणा प्रत्येक लेखात असते, आणि ती असायलाच हवी. मुख्यमंत्र्याने स्वतःच्या मानेचा जामीन देणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट नाही. तिच्यामागे हाताशी असलेले साधन म्हणजे संकरित बियाणे. सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली आली होती. खत आणि पाणी दिले तर ती देशी वाणापेक्षा कितीतरी जास्त धान्य देई, आणि शंभरेक दिवसांत निघे. वसंतरावांनी ती खेड्याखेड्यांत नेली, स्वतः शेतात उभे राहून तिचे गुण सांगितले. त्यांना शेतीतले कळत होते, आणि शेतकऱ्यालाही ते चटकन कळे, की हा माणूस बांधावर नुसता फोटोपुरता आलेला नाही.

इतके लिहून चरित्रकार पान उलटतात. मी तिथेच थांबतो, कारण बैल इथेच उभा आहे.

ज्वारी हे एक पीक नव्हे, दोन आहेत. कणीस माणसाचे आणि ताट जनावराचे. आमची जुनी खरिपाची ज्वारी डोक्याहून उंच वाढे, उशिरा निसवे, आणि पाऊस ओसरल्यावर पिके. धान्य बेताचे, पण कडबा असा, की गंजी बघून पाहुणा घराची ऐपत ओळखी. मुलगी देताना वऱ्हाडात लोक घर बघण्याआधी गंजी बघत, असे म्हातारे सांगत. हायब्रीड बुटकी होती. कडबा कमी, जाड, आणि गुरे तो तोंडात धरून टाकून देत अशी तक्रार घरोघर होती. ती लवकर पिके म्हणून कधी कधी पावसातच सापडे आणि दाणा काळा पडे. भाकरीला जुनी चव नाही, हे बायका म्हणत. पण चवीचे गाऱ्हाणे उपाशी देशात कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. कडब्याचे गाऱ्हाणे मात्र निराळे. बैल हे त्या काळच्या शेतकऱ्याचे यंत्र होते, आणि त्याचे इंधन त्याच शेतात पिकत होते. नव्या बियाण्याने धान्य वाढवले ते त्या इंधनातून कापून घेऊन.

हे दुसऱ्या कोणा मुख्यमंत्र्याने केले असते तर मी इतका वेळ त्यावर घालवला नसता. पण ज्यांच्या पूर्वजांचा सारा व्यापार फुकट चाऱ्यावर उभा होता आणि चारा गेला तेव्हा बुडाला, त्या घरच्या माणसाच्या हातून धान्याचा हिशेब जमेला लागला आणि चाऱ्याचा खर्ची. यात कोणाला विसंगती दिसेल. मला यात त्या चरित्राचा गाभा दिसतो. नाईकाचे पहिले काम माणसांना पोचेपर्यंत जगवणे. वाटेत बैल मेले तर मेले, गोणी दुसऱ्यावर लादायची आणि तांडा पुढे न्यायचा. १९६५ च्या दुष्काळात त्यांनी बहुधा हाच निर्णय घेतला, आणि त्यांच्या जागी बसून मीही तोच घेतला असता. माझे म्हणणे एवढेच, की तो निर्णय होता. त्याला किंमत होती, आणि ती गोठ्याने भरली. गौरवलेख वाचून वाटते की किंमत काही नव्हतीच, सगळा नफाच होता. असे लिहिल्याने माणूस मोठा होत नाही, सपाट होतो.

१९७२ चा दुष्काळ हा त्या वचनाचा खरा कस लागण्याचा काळ. त्या वर्षी कोठारात धान्य नव्हते असे नाही म्हणता येत. बाहेरून तांबडी मिलो आली, रेशनवर वाटली, कामावरच्या मुलांना सुकडी मिळाली. खेड्यातली माणसे खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात राज्यभर लागू झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला तिचा आधार मिळाला. कल्पना पाग्यांची, पण ती सरकारच्या गळी उतरवून तिजोरीतून पैसा काढणे मुख्यमंत्र्याचे काम होते, आणि ते वसंतरावांनी केले. महाराष्ट्रात त्या वर्षी माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत, ही गोष्ट जगातल्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासली आहे. गुरे मात्र गेली. जुन्या लोकांना विचारा, ते त्या वर्षाची आठवण बाजाराने सांगतात: जोडी मातीमोल विकली, किंवा दावे सोडून दिले आणि तोंड फिरवले. त्याच १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली. खामगावच्या बाजारावर तिचे काय परिणाम झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नवी मुंबई, शिवसेना, बॅकबे, या राजकारणातल्या गोष्टी मुंबईच्या पत्रकारांनी भरपूर लिहिल्या आहेत. त्यात मी भर घालत नाही.

आता आम्हा कादंबरीवाल्यांकडेही थोडे पाहू. चरित्रकारांनी गोठा सोडला म्हणून मी तक्रार करतो, पण कादंबरीने तरी काय केले? व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी' लिहून दाखवली. धनगरांच्या वाडीवर आलेला एक पोरगेला शिक्षक, मेंढरे, आणि शेवटी दुष्काळात ओस पडणारी वाडी. मराठीत जनावर आणि माणूस इतके एका श्वासात दुसऱ्या कोणी क्वचितच मांडले असतील. पण त्या वाडीत राज्य कोठेतरी लांब आहे. दुसरीकडे अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहून राजकीय कादंबरी उभी केली. तिच्यात सत्ता आहे, मोर्चे आहेत, फोन आहेत, पण ती मुंबईच्या हवेतच श्वास घेते. बनगरवाडीच्या मेंढरांमागून निघालेली पायवाट सिंहासनापर्यंत जाते, हे लिहिणारी कादंबरी मराठीत आलेली नाही. ज्या राज्याचा सर्वांत दीर्घकाळ सलग मुख्यमंत्री तांड्यावरून आला, तिथे ही उणीव चमत्कारिक म्हटली पाहिजे. ती का राहिली याचे माझे उत्तर असे: आपल्या वाचकाला खेडे हवे असते ते भोळे, आणि राजकारण हवे असते ते लबाड. ज्याला बैलाचे दात बघून वयही सांगता येते आणि विधानसभेत अंदाजपत्रकही मांडता येते, असा माणूस या दोन्ही आवडींच्या मध्ये उभा राहतो. त्याला कोणत्या कपाटात ठेवायचे ते आपल्याला कळत नाही.

आणि हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. आमच्या भागात खरिपात आता सोयाबीन आहे. तिचे कुटार निघते, कडबा नाही. ज्वारीचे रान शोधावे लागते. गोठ्यात जिथे दोन जोड्या होत्या तिथे मोटारसायकल उभी असते, आणि कडब्याच्या पेंडीचा भाव ऐकून म्हातारे कानावर हात ठेवतात. ही घसरण हायब्रीडने एकट्याने केली असे कोणी म्हणणार नाही. पण तिचा पहिला हिशेब १९६५ च्या सुमारास कोठे तरी मांडता आला असता, आणि तो मांडायला सर्वांत योग्य माणूस त्या वेळी मुख्यमंत्री होता.

चार कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली: राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ पासून त्यांचे नाव आहे. तिथल्या कोणा तरुण अभ्यासकाने या काळातल्या चाऱ्याचा, धान्याचा आणि गुरांच्या संख्येचा जिल्हावार ताळा मांडला, तर मुख्यमंत्री वसंतरावांच्या चरित्राचे सर्वांत चांगले प्रकरण तो लिहील. गौरवसमितीला ते आवडेल की नाही सांगता येत नाही.

दिवाळीच्या अमावास्येला तांड्यांवरच्या कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागत फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी रानातून फुले आणून शेणाच्या गोधनात खोवतात. सण संपला की आमच्या भागातल्या कित्येक तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही ट्रकने जातात, काहींच्या गाड्यांना अजून बैल असतात. वर्गातले बाक महिन्याभरात अर्धे रिकामे होतात. हजेरीपटावर मी त्या मुलांच्या नावांपुढे 'स्थलांतरित' असा सरकारी शब्द लिहितो. बैलांविषयी विचारणारा तो मुलगाही त्या वर्षी असाच गेला, आणि जाताना सांगून गेला, की त्यांच्या घरी दोन आहेत.